अवजारांची घरगुती दुरुस्ती : होल्डफास्टने लाकूड घट्ट पकडा, पण व्रण पडू देऊ नका



उन्हाळी नांगरट आटोपली की खरिपापूर्वी अवजारांकडे लक्ष द्यावे लागते. कुदळीचा दांडा हलतो, कुळवाचे रुमणे चिरलेले असते, जुवाची बाजू झिजून खडबडीत झालेली असते. पूर्वी गावचा सुतार बलुत्यावर ही कामे करून देत असे. आज अनेक गावांत सुतार राहिलेला नाही किंवा असला तरी चौकटी-फर्निचरच्या कामात गुंतलेला असतो. त्यामुळे दांडा घालणे, जू तासणे, मूठ बसवणे यांसारखी लहान कामे शेतकऱ्याने घरीच करणे सोयीचे ठरते.

अशा कामात पहिली अडचण हत्यारांची नसते, ती लाकूड पकडण्याची असते. सुतार जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने लाकूड दाबून धरतो. हे कसब वर्षांनुवर्षांच्या सवयीने येते. सवय नसताना आपण तसे करू गेलो तर वाकस किंवा पटाशी पायावर येण्याचा धोका असतो. म्हणून ज्यांना अधूनमधून सुतारकाम करावयाचे आहे, त्यांनी साधे जाड मेज आणि त्यावर लाकूड दाबून धरणारा 'होल्डफास्ट' वापरावा. तो स्वस्तात तयार होतो आणि एका ठोक्यात पकडतो. मात्र लोखंडाचा पंजा सरळ लाकडावर बसला तर लाकडाला दाबाचा व्रण पडतो. तो कसा टाळावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

व्रण महागात का पडतो?

घरातल्या टेबलावर पडलेला डाग दिसायला वाईट, एवढेच. शेतीच्या अवजारावरील व्रणाची गोष्ट वेगळी आहे.

१) दांडा वाकतो तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या तंतूंवर येतो. तेच तंतू चिरडलेले असतील तर तडा तेथूनच सुरू होतो. कुऱ्हाडीचा दांडा घाव घालताना मोडला तर पाते कोठे जाईल याचा नेम नसतो.

२) मुठीच्या जागी खाच असेल तर दिवसभराच्या खुरपणीत किंवा खोदाईत हाताला फोड येतात, कूस घुसते.

३) जुवावरील खाच बैलाच्या खांद्याला घासते. येथे माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. घरच्या कुळवासाठी जू तासताना मी होल्डफास्टचा पंजा मध्ये काहीही न ठेवता थेट लाकडावर ठोकला. पंजाची कड रुतून चंद्रकोरीच्या आकाराची खाच पडली. घाईत ती तशीच राहिली. कुळवाच्या पाळ्या सुरू झाल्यावर चार दिवसांतच एका बैलाच्या खांद्यावरचे केस गेले आणि कातडी लाल झाली. बोट फिरवून पाहिले तेव्हा खाचेच्या कडेला उभी राहिलेली कुसे हाताला लागली. वाफसा असताना, ऐन कामाच्या दिवसांत बैल बांधून ठेवावा लागला. लाकडाच्या एका तुकड्याने हे टळले असते.

होल्डफास्ट म्हणजे काय?

आपल्याकडे 'होल्डफास्ट' म्हटले की दाराची चौकट भिंतीत पक्की करण्यासाठी लावतात ती लोखंडी पट्टी डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत असलेला होल्डफास्ट वेगळा आहे. हा सुताराच्या मेजावरील उलट्या इंग्रजी 'एल'सारखा दिसणारा लोखंडी आकडा आहे. समजण्यास सोपे जावे म्हणून त्याचे तीन भाग मानू. मेजाच्या भोकात जाते ते 'खोड', वरून आडवा वळतो तो 'हात' आणि हाताच्या टोकाला चपटा केलेला तो 'पंजा'.

हे साधन युरोपात फार पूर्वीपासून वापरात आहे. १८ व्या शतकात फ्रान्समधील आंद्रे रूबो याने सुतारकामावर लिहिलेल्या ग्रंथातील चित्रांत ते मेजावर दिसते. फ्रेंच सुतार त्याला 'व्हाले', म्हणजे 'नोकर', म्हणतात. मालकाचे दोन्ही हात मोकळे ठेवून काम धरून ठेवणारा नोकर, हे नाव त्याला शोभते. आता स्क्रू फिरवून दाब देणारे होल्डफास्टही मिळतात. परंतु लोहाराकडून करून घेता येणारा ठोक्याचा होल्डफास्ट शेतावर अधिक उपयोगी आहे.

पकड कशी बसते?

भोकात उभी केलेली पहार थोडी कलली की ती भोकाच्या दोन विरुद्ध कडांवर अडकते आणि सरळ वर ओढली तरी निघत नाही. होल्डफास्टचे तत्त्व हेच आहे. पंजा कामावर टेकलेला असताना वरच्या बाकावर ठोका दिला की खोड भोकात किंचित तिरके होते. ते भोकाच्या एका बाजूला वरच्या कडेवर आणि दुसऱ्या बाजूला खालच्या कडेवर आवळून बसते. हात स्प्रिंगसारखा थोडा ताणलेला राहतो आणि तो ताण पंजामधून कामावर दाब देत राहतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. भोक खोडापेक्षा थोडे मोठे असलेच पाहिजे, नाहीतर खोड तिरके होणार नाही. ते फार मोठे झाले तर खोड जास्त कलते, पंजा सपाट न बसता कडेवर बसतो आणि नेमका तेथेच व्रण पडतो. म्हणजे व्रण टाळण्याची सुरुवात भोकापासून होते.

मेज आणि भोके

१) मेजाची फळी ६ ते ८ सें.मी. जाड असावी. बाभूळ, साग किंवा कडुनिंबाचे जुने लाकूड चालते. आंब्याचे लाकूडही चालते, पण त्यातील भोके लवकर झिजतात. फळी ४.५ सें.मी.पेक्षा पातळ असेल तर भोकाच्या जागी खालून जाड लाकडाचा तुकडा स्क्रूने पक्का करावा. १० सें.मी.पेक्षा जास्त जाडीच्या ओंडक्यात खोड नीट आवळत नाही. तेथे भोकाचा खालचा भाग मोठा करून घ्यावा.

२) भोक १९ मि.मी. खोडासाठी सुमारे २० मि.मी. ठेवावे. ते गिरमिटाने किंवा ड्रिल मशीनने अगदी काटकोनात पाडावे. शेजारी गुण्या उभा ठेवून दोन बाजूंनी पाहावे.

३) फळीच्या कडेपासून भोक निदान ८ ते १० सें.मी. आत घ्यावे. कडेला घेतल्यास ठोक्याने फळी चिरते.

४) सुरुवातीला तीन-चार भोके पुरतात. ती एका ओळीत न घेता पुढे-मागे घ्यावीत, म्हणजे लहान-मोठे काम दोन ठिकाणी पकडता येते.

५) भोकाची वरची कड कानशीने किंचित गोल करावी. तीक्ष्ण किंवा उसवलेली कड वर ठेवलेल्या लाकडाच्या खालच्या बाजूला व्रण पाडते.

लोहाराकडून करून घेताना

१८ ते २० मि.मी. व्यासाची साधी गोल सळई घ्यावी. बांधकामाची पिळाची किंवा कंगोऱ्यांची सळई घेऊ नये, कारण तिचे कंगोरे भोक कुरतडतात. ओतीव लोखंडही टाळावे, ते ठोक्याने तुटू शकते. खोड ३० ते ३५ सें.मी. आणि हात १५ ते १८ सें.मी. ठेवावा. मेजाची जाडी, कामाची जाडी आणि वरचा ठोकळा मिळून जी उंची होते, तिच्यापेक्षा खोड काही सें.मी. लांब असले पाहिजे. ते भोकातून पलीकडे बाहेर आले तरच पूर्ण आवळते.

खोड आणि हात यांमधील कोन काटकोनापेक्षा थोडा कमी ठेवण्यास लोहाराला सांगावे. म्हणजे पंजा आधी टेकतो आणि हात कमानीसारखा वर राहतो. पंजा साधारण ४ सें.मी. लांब व ३ सें.मी. रुंद, चपटा करून घ्यावा. घरी आणल्यावर पंजाच्या चारही कडा व कोपरे कानशीने गोल करावेत. बोट फिरवून कोठेही धार लागता कामा नये. खोडाला मात्र पॉलिश करू नये. जाड पॉलिश पेपर खोडाभोवती आडवा फिरवून ते खरखरीत करावे. खोडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये.

दाबाचे साधे गणित

व्रण पडणे हे केवळ एकूण दाबावर नव्हे, तर तो किती जागेवर पडतो यावरही अवलंबून असते. समजा, पंजा १०० किलो वजनाइतका जोर लावतो.

– पंजा फक्त कडेवर, २ चौ. सें.मी. जागेवर टेकला : दर चौ. सें.मी.ला ५० किलो.
– पंजा पूर्ण सपाट, १२ चौ. सें.मी. जागेवर टेकला : दर चौ. सें.मी.ला सुमारे ८ किलो.
– मध्ये १० × ६ सें.मी.चा ठोकळा ठेवला, म्हणजे ६० चौ. सें.मी. : दर चौ. सें.मी.ला सुमारे १.७ किलो.

जोर तोच असताना व्रण पाडणारा दाब सुमारे ३० पटींनी कमी झाला. ठोकळा पातळ असेल तर तो मध्येच वाकतो आणि दाब पुन्हा एका जागी येतो. म्हणून तो निदान २ सें.मी. जाड असावा. लाकूड तंतूंच्या दिशेने मोठा भार सोसते, पण तंतूंच्या आडव्या दिशेने लवकर चिरडते. आपण पकडतो ती बाजू बहुधा आडवीच असते, हेही विसरू नये. ओले लाकूड तर याहून लवकर दबते.

व्रण टाळण्याचे उपाय

१) ठोकळा ठेवा. आंबा, पांगारा यांसारख्या मऊ लाकडाचे चार-पाच ठोकळे करून मेजापाशी टांगून ठेवावेत. ठोकळा कामापेक्षा मऊ असावा, म्हणजे मार ठोकळा खातो, काम नाही. त्यात खिळा राहिलेला नाही आणि खाली खडा चिकटलेला नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे.

२) पंजाला चामडे लावा. जुन्या चपलेचे ४ ते ५ मि.मी. जाडीचे चामडे पंजाच्या आकाराचे कापून, चांभार वापरतात त्या चिकटद्रव्याने खालून चिकटवावे. चामड्याची खरखरीत बाजू कामाकडे ठेवावी. लहान कामासाठी एवढे पुरते. मोठ्या कामाला चामडे आणि ठोकळा दोन्ही वापरावेत. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घसरत नाही, परंतु त्याचा काळा डाग राहू शकतो.

३) ओल्या बाभळीला लोखंड लागू देऊ नका. बाभळीत टॅनिन भरपूर असते. ओल्या लाकडाला लोखंड टेकले की टॅनिन व लोह यांचा संयोग होऊन निळसर काळा डाग पडतो. तो आत मुरतो आणि धुऊन जात नाही. चामडेही ओले झाले तर असाच डाग पाडू शकते. अशा वेळी कोरडा ठोकळाच वापरावा.

४) मेज झाडून घ्या. वरच्या पंजाची काळजी घेतो, पण खालचा खडा विसरतो. भुसा, खडा किंवा खिळा खाली राहिला तर तोही तेवढ्याच जोराने लाकडात रुततो.

५) काम पोकळीवर ठेवू नका. लाकूड वाकडे असेल तर पंजाच्या बरोबर खाली पाचर सरकवून आधार द्यावा. आधाराशिवाय ठोकल्यास लाकूड वाकते, चिरते आणि पकडही ढिली राहते.

६) जादा लांबीवर पकडा. दांड्याचे लाकूड गरजेपेक्षा ८ ते १० सें.मी. लांब घ्यावे आणि शक्यतो त्या जादा भागावर पकडावे. व्रण पडलाच तर तो शेवटी करवतीने कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर पडेल.

कामाप्रमाणे पकड

गोल दांडा : गोल दांड्यावर सपाट पंजा एकाच रेषेत टेकतो आणि व्रण हमखास पडतो. त्यासाठी एका ठोकळ्यात इंग्रजी 'व्ही'सारखी पन्हळ पाडावी. दांडा पन्हळीत ठेवून वर दुसरा पन्हळीचा ठोकळा पालथा ठेवावा आणि त्यावर पंजा ठोकावा. त्यामुळे दांडा चार रेषांवर धरला जातो आणि फिरत नाही.

जू : जू लांब असल्याने ते एका होल्डफास्टभोवती फिरते. म्हणून दोन होल्डफास्ट वापरावेत. बैलाच्या खांद्यावर टेकणाऱ्या भागावर पंजा कधीही ठेवू नये. मधल्या भागावर ठोकळा ठेवून पकडावे. एका बैलाची बाजू तासून झाली की जू फिरवून दुसरी बाजू घ्यावी.

फळी रंधणे : वरून पकडलेल्या फळीवर रंधा पूर्ण फिरत नाही. येथे उत्तम उपाय म्हणजे होल्डफास्टने कामाला स्पर्शच न करणे. फळीच्या पुढे मेजावर अडसर ठेवावा. नंतर एक पातळ पट्टी घेऊन तिच्या टोकाला काटकोनाची खाच पाडावी. ही खाच फळीच्या मागच्या कोपऱ्याला भिडवावी आणि होल्डफास्ट त्या पट्टीवर ठोकावा. फळी अडसर आणि खाच यांच्यामध्ये अडकून राहते. पट्टी फळीपेक्षा पातळ असावी आणि होल्डफास्ट रंध्याच्या वाटेपासून दूर असावा.

ठोकण्याची व सोडवण्याची पद्धत

१) ठोकळा ठेवा, खोड भोकात सोडा, पंजा ठोकळ्याच्या मधोमध आणा.
२) लाकडी हातोड्याने खोडाच्या वरच्या बाकावर एक हलका ठोका द्या. हाताच्या मध्यावर किंवा पंजावर ठोकू नका.
३) खाली वाकून पंजा सपाट बसला आहे का ते पाहा. एका कडेला फट दिसत असेल तर सोडवून ठोकळ्याची उंची बदला.
४) दुसरा ठोका द्या आणि काम हाताने हलवून पाहा. हलत नसेल तर तिसरा ठोका देऊ नका. लागेल तेवढीच पकड पुरे. बहुतेक व्रण गरजेपेक्षा जास्तीच्या ठोक्याने पडतात.
५) सोडवताना एका हाताने होल्डफास्टचा हात धरा आणि खोडाच्या पाठीवर, म्हणजे पंजाच्या विरुद्ध बाजूने, आडवा हलका ठोका द्या. पकड सुटली की होल्डफास्ट सरळ वर उचला. पंजा कामावरून ओढत नेल्यास ओरखडा पडतो.

लोखंडी हातोडीने ठोकण्याची वेळ आलीच तर डोळ्यांना चष्मा लावावा, कारण लोखंडाची कपची उडू शकते. काम चालू असताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

व्रण पडलाच तर

तंतू तुटलेले नसून फक्त दबलेले असतील तर ते बऱ्याच अंशी फुलवता येतात. व्रणावर थोडे पाणी लावून पाच मिनिटे मुरू द्यावे. मग ओल्या सुती फडक्याची घडी ठेवून त्यावर गरम इस्त्री काही सेकंद टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. गरज असल्यास पुन्हा करावे, परंतु फडके कोरडे होऊन लाकूड करपू देऊ नये. लाकूड पूर्ण वाळल्यावरच पॉलिश पेपर मारावा. आधी घासले तर फुगणारे तंतूच निघून जातात आणि खड्डा कायम राहतो.

तंतू तुटले असतील तर वाफेचा उपयोग होत नाही. जुवावर अशी खाच असेल तर आजूबाजूचा भाग उताराने तासून गुळगुळीत करावा. दांड्यावर आणि तीही मधल्या भागात असेल, तर तो दांडा कुऱ्हाडीला वापरू नये. त्याच्या खुरप्याच्या मुठी कराव्यात.

नेहमीच्या अडचणी

– पकड बसत नाही, खोड घसरते : खोड गुळगुळीत किंवा तेलकट आहे. पुसून खरखरीत करा. तरीही घसरत असेल तर भोक झिजून मोठे झाले असावे. नवे भोक पाडा.
– पंजाचे टोकच टेकते, टाच अधांतरी राहते : हात फार खाली वाकला आहे. लोहाराकडून कोन थोडा उघडून घ्या. तोपर्यंत जाड ठोकळा वापरा.
– काम फिरते : दुसरा होल्डफास्ट किंवा अडसर लावा. पहिल्यावर जास्त ठोकू नका.
– ठोकळ्यावर खोल ठसा उमटतो : ठोकळा आपले काम करीत आहे. ठसा अर्ध्या जाडीपर्यंत गेला की ठोकळा बदला.

शेवटी

होल्डफास्ट दिसायला ओबडधोबड असला तरी त्याची पकड मोठी असते. तो जोर आवरण्यास दोन इंच रुंदीचा मऊ लाकडाचा तुकडा आणि चपलेचे चामडे पुरते. यंदा अवजारे दुरुस्तीला काढाल तेव्हा आधी चार ठोकळे तयार करा आणि मगच पहिला ठोका द्या. काम संपल्यावर तासलेल्या प्रत्येक दांड्यावरून आणि जुवावरून डोळे मिटून उघडा तळहात फिरवा. जे आपल्या हाताला लागेल ते दिवसभराच्या कामात मजुराच्या हाताला आणि बैलाच्या खांद्यालाही लागणारच आहे. हाताला काही लागले नाही, तरच अवजार शेतात न्यावे.